मोतीलालची घागर

हिवरखेडी, ता. चोपडा
१ मे २०२५, अखाजीचा दुसरा दिवस

भाऊ,

पाकिटावरचं अक्षर ओळखून कचऱ्यात टाकू नकोस. ज्योत्स्नावहिनी, पाकीट तुमच्या हाती लागलं असेल तर तुम्हीच फोडा आणि ह्याला मोठ्यानं वाचून दाखवा. आईच्या तेराव्याला माझा नंबर ब्लॉक केला ह्यानं, पण धुळ्याचा पोस्टमन काही ब्लॉक करता आला नाही.

भांडण पुन्हा उकरत नाही. थोडं उकरते. आईला हिरवं लुगडं नेसवून, कपाळभर कुंकू लावून सवाष्ण म्हणूनच न्यायचं, असं तुझं म्हणणं. माझं म्हणणं, जो नवरा तुला नऊ वर्षांचा आणि मला दोन वर्षांची टाकून सातपुड्यापलीकडे दुसरीच्या घरी जाऊन राहिला, त्याच्या नावाचं कुंकू सरणापर्यंत कशाला? तू सगळ्यांसमोर माझ्या अंगावर धावून आलास. मीही काही गप्प बसले नाही. झालं ते झालं.

पण काल अक्षय्य तृतीया, आपली अखाजी होती. आई गेल्यावरची तिची पहिली घागर. ती मुलानं भरायची, आणि मुलाला धुळ्यात ऑफिसचं काम निघालं. मग मी दोंडाईच्याहून एसटीनं आले, म्हटलं निदान जीवरामकाका भरतील तेव्हा समोर असू दे कोणीतरी. काकांनी भरली. वर आंबा ठेवला, सांजोरी ठेवली, नाव घेऊन विस्तवावर घास टाकला. आजोबांचं, आजीचं, आईचं. सगळं रीतसर झालं.

नंतर मी खरबूज कापायला विळी शोधत मागच्या खोलीत गेले, तर कमलकाकू तिथे एकटीच खाली बसलेली. तिच्यापुढे आणखी एक घागर, सूत गुंडाळलेली, वर आंबा. काकूचं हल्ली तुला माहीत आहे, मला कधी माझ्याच नावानं हाक मारते, कधी तिच्या बहिणीच्या. मी विचारलं, "काकू, ही कोणाची?"

"तुना आप्पानी, माय. मोतीलालभाऊनी."

म्हटलं, "आप्पांची कशी? ते तर पळून गेले ना?"

"दर साल भरस मी. आठेच. कोले दखाडानी नही." दर वर्षी इथेच, कोणाला न दाखवता! ती घागरीवरून हात फिरवत होती. "पहिली ते त्याच साले भरी. होळी झायी, मंग अखाजी उनी. कुंभारकडथीन नवी आणी व्हती मी."

तेवढ्यात काका दारात. किती वेळ उभे होते देव जाणे. आत आले, घागर उचलली आणि मागच्या दारी जाऊन पाणी ओतून दिलं. मग मला म्हणाले, "तिनं डोकं ठिकाणवर नही आते. तिनं काय मनवर लेस का तू?" आणि हसले. मला ते हसणं आवडलं नाही, भाऊ.

आता तू शांतपणे विचार कर. जित्या माणसाची घागर आपल्यात कोणी भरतं का? भरली तर त्याला जिवंतपणी मारल्यासारखं. म्हणूनच आईनं आप्पांचं नाव अखाजीला कधी ओठावर येऊ दिलं नाही. आप्पा गेले होळीनंतर. अखाजी आली तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. आणि त्याच वर्षी श्रावणात काका सेंधव्याच्या बाजारातून येऊन आईला काय म्हणाले? "वहिनी, मोतीलालभाऊ दिसना. संगे एक बाई व्हती." सेंधव्यात दिसले, बाईबरोबर, हीच गोष्ट सगळ्या गावाला पाठ आहे.

म्हणजे अखाजीला ज्याची घागर भरली, तो श्रावणात बाजारात भाजी घेत होता. बसतंय का तुझ्या डोक्यात?

मी थोडे दिवस इथेच राहते. काकूचे गुडघे दुखतात, तेल लावायला माणूस पाहिजे, असं सांगितलंय.

दिपमाला


हिवरखेडी
५ मे

भाऊ,

उत्तर नाही. बरं.

मी नाल्यावरच्या शेतात जाऊन आले. तू शेवटचा कधी गेलास तिथे? आजोबांनी जंगल तोडून काढलेला तुकडा, नाल्याच्या अलीकडे आपला बांध, पलीकडे सागाचं रान आणि त्यापलीकडे मध्य प्रदेश. काका सांगतात तेव्हा तिकडे रस्ता नव्हता, चौकी नव्हती. रानडुकरं, अस्वलं आणि लाकूड चोरणारे. माणूस गेला तर कोण विचारणार?

तिथे दोन विहिरी आहेत. जुनी, आजोबांनी बांधलेली. आणि तिच्यापासून हाकेच्या अंतरावर दुसरी, काकांनी खोदलेली. लहानपणापासून बघतोय आपण, कधी डोक्यात आलं नाही की दुसरी कशाला खोदली? म्हणून मी बांधाशेजारच्या सुकदेव आबांना विचारलं. ते काकांच्याच वयाचे. म्हणाले, जुनीला उन्हाळ्यातही पाणी होतं, पण तुझे आप्पा गेले त्याच सालात जीवरामनं तिच्यात दगड लोटले, वर फरश्या टाकल्या. गुरांनाही पाजलं नाही कधी. मी म्हटलं, आबा, का हो? तर त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि म्हणाले, "बठ्ठी गोठ आमले कसाले इचारस, पोर. तुना काकाले इचार."

खोल पाण्याची विहीर, केळी लावायच्या दिवसांत कोणी बुजवतं का, भाऊ? केळीला पाणी किती लागतं ते चोपड्यातलं शेंबडं पोरगंही सांगेल.

आणि आता ऐक. तिथे सोलरच्या पाट्या बसवायच्या आहेत, त्यासाठी जमीन सपाट करणार, जुनी विहीर वरपर्यंत मुरुमानं भरून दाबून टाकणार. तुझी सही झालेली आहे म्हणे. कागद न वाचता सही करायची तुझी सवय काही केल्या जायची नाही. पंधरवड्यात मशीन येणार. एकदा वरून काँक्रीट पडलं की आपला बाप कायमचा पळपुटा.

मला माहीत आहे तू आत्ता काय म्हणतोयस. "काका तसे नाहीत." तुला शिकवलं काकांनी, धुळ्याला ठेवलं काकांनी, नोकरीला लावलं काकांनी. तू त्यांच्या खांद्यावर बसून मोठा झालास. आप्पा गेले त्याच दिवशी तू काकांबरोबर शेतातल्या माळ्यावर राखणीला होतास आणि ठासणीच्या बंदुकीनं रानडुक्कर पाडलंस, ही तुझी गोष्ट घरातल्या प्रत्येक लग्नात ऐकलीय आम्ही. वहिनीच्या माहेरच्यांनाही पाठ आहे. नातवाला झोपवताना तीच सांगतोस ना अजून? नऊ वर्षांचा शिकारी! "मना नवलनी डुक्कर पाडं" म्हणत काकांनी तुला खांद्यावर घेऊन गावातून मिरवलं. आणि त्याच दिवशी आपला बाप नाहीसा झाला, हे मात्र तू कधी जोडून पाहिलं नाहीस.

मी आयुष्यभर त्या माणसाला शिव्या घातल्या. माझ्या लग्नात कन्यादानाला काका उभे राहिले तेव्हा मी मनातल्या मनात म्हटलं होतं, मर तिकडेच. आणि तो कदाचित फरशीखाली पडून होता. मला जेवण जात नाही.

सही मागे घे. एवढंच कर.

दिपमाला


हिवरखेडी
९ मे

भाऊ,

काकूला काल सकाळी शिरपूरला पोरीकडे पाठवून दिलं. मला न सांगता. मी उठले तर तिची खाट उभी करून ठेवलेली. "तिले तठे बरं वाटस," काका म्हणाले. तिला गेल्या कित्येक वर्षांत घराबाहेर झोप येत नाही, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे.

आता घरात आम्ही दोघंच. स्वयंपाक मी करते. ते समोर बसून जेवतात आणि मी घास घेईपर्यंत बघत राहतात. काल दुपारी त्यांनी वळचणीतून ती जुनी बंदूक काढली, ओट्यावर बसून फडक्यानं पुसत होते. मी विचारलं, हे आता कशाला? तर म्हणाले, "जंग चढना." पुसून झाल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाले, "ईहीरकडे नको जात जाऊ. फरश्या हालतस. पाय घसरना ते कोनले समजाव नही."

हे काळजीनं बोलणं होतं का, भाऊ? तू सांग. तू त्यांना माझ्यापेक्षा जास्त ओळखतोस.

गावातही काहीतरी शिजतंय. मी दुकानात गेले की बायका बोलता बोलता थांबतात. सुकदेव आबा परवा वाटेत दिसले आणि मला बघून केळीत शिरले, म्हातारा माणूस. माझ्या मोबाईलचा चार्जर सापडत नाही. बाई म्हणून भ्याले असेन म्हण, पण दाराला आतून पाटा लावून झोपते.

पण मी हटणार नाही. अर्ज लिहून तयार आहे. सोमवारपर्यंत तुझं उत्तर आलं नाही तर चोपड्याला जाऊन पोलिसांत देणार, विहीर उघडा म्हणून. मग गावात तोंड दाखवायची लाज वाटली तर माझ्या नावानं ओरडू नकोस. तुला आधी सांगितलंय, तिसऱ्यांदा सांगतेय.

त्यांनी आप्पांना का मारलं असेल, ते मला कळत नाही. सख्खा भाऊ. आई म्हणायची, दोघं एका ताटात जेवायचे.

मला काही झालं तर ही पत्रं फेकू नकोस.

दिपमाला


हिवरखेडी
१३ मे

भाऊ,

हे पत्र तुला मिळणार नाही. लिहून झालं की चुलीत. पण मी न लिहिता राहिले तर उद्या मला तुला जे लिहायचंय ते लिहिता येणार नाही.

तुझं पत्र काल आलं. तुझं ते गिचमिड अक्षर बघूनच मला रडू आलं. लिहिलंयस, "दिपा, माझ्याकडून चूक झाली. तिन्ही पत्रं एकत्र वाचली. सही मागे घेतो. शनिवारी येतो, स्वतः उभा राहून विहीर उपसतो. आप्पांची हाडं माझ्या हातानं बाहेर काढीन, आणि ज्यानं हे केलं तो माझा कितीही सख्खा असो, त्याला सोडणार नाही. आईची शपथ."

मी ते पत्र घेऊन नाचतच शेतात गेले. काका फरशीवर बसले होते. मी त्यांच्यापुढे ते वाचलं. सगळं वाचलं, शेवटच्या ओळीपर्यंत. त्यांना हरवल्याचा आनंद होत होता मला, खोटं कशाला सांगू.

काका ऐकत होते. मग त्यांनी पागोट्यानं तोंड पुसलं आणि म्हणाले, "तुना बापले मी नही मारं, पोर."

"मग कोणी?"

नाल्यात माकडं किचकिचत होती.

"नवलनी."

मी त्यांच्या अंगावर ओरडले. म्हटलं, म्हातारपणी तोंडात किडे पडतील, नऊ वर्षांच्या पोरावर ढकलता? माझं ओरडून झालं, मग त्यांनी मला बसवलं आणि सांगितलं. मी त्यांच्या बोलण्यातलं एकही वाक्य विसरणार नाही, पण इथे थोडक्यात लिहिते.

दादर ज्वारी कापणीला आली होती. रात्रभर डुकरं यायची, म्हणून काका आणि तू माळ्यावर. माळ्याकडे कोणीही येताना लांबूनच हाळी द्यायची, ओ म्हणायचं, हा सगळ्या शिवाराचा नियम. रानात बंदुकी असतात, अंधार असतो. आप्पा हाळी देत नसत. धाकटा भाऊ राखणीला झोपतो, त्याला झोपेत पकडायचं आणि सकाळभर चिडवायचं, ही त्यांची खोड. नेहमीची. काका म्हणाले, "कितलांदा सांगं मी त्याले. हासे."

त्या दिवशी तांबडं फुटायच्या आधी ते दादरीतून वाकून, लपत आले. काका खरंच झोपले होते. तू जागा होतास. दादर हलली, तुला वाटलं डुक्कर. बंदूक बांबूवर टेकवलेलीच होती, बार भरलेला. तू उडवलीस.

काका उठून धावले. तू वरून ओरडत होतास, "काका, पडनं का? पडनं का?" ते दादरीत आप्पांपाशी बसले होते, आप्पांचा श्वास संपत होता. आणि त्यांनी तुला ओरडून सांगितलं, "पडनं रे! तू वाघ शेस मना! खाले नको उतरू, जखमी शे!"

तुला त्यांनी पाठीवर घेऊन दुसऱ्या वाटेनं घरी आणलं. आईला शेतात नेलं. आई आप्पांचं डोकं मांडीवर घेऊन बसली. रडली नाही, काका म्हणाले, फक्त आपल्या कपाळावर हात ठेवून होती. काका म्हणाले, मी पोलिसात जातो, मी मारलं सांगतो, मीच झोपलो होतो. आई म्हणाली, तुम्ही गेलात तर पोरांना कोण? आणि गोष्ट निघाली की आज ना उद्या पोराच्या कानावर जाईल. मग म्हणाली, "पोरले कळाले नको. जनमभर नको. तो बापले मारनारा म्हनीसन जगाव नही." आणि उठून घरी गेली, तोंड धुतलं आणि आरशात बघून कुंकू लावलं.

तेच कुंकू, भाऊ. मी जे पुसा म्हणत होते तेराव्यापर्यंत.

काकांनी दिवसभरात रानात फिरून एक डुक्कर पाडलं, तुझ्यासमोर ओढत आणलं. हे बघ, तुझं. आईनं ते शिजवलं. तू दोनदा मागून घेतलंस. तिनं वाढलं. मी डोळ्यांसमोर आणू नये म्हणते, पण येतंच. मग विहीर, मग फरश्या, मग सेंधव्याची बाई. ती बाई आईनंच सांगायला लावली. काकूला मात्र राहवलं नाही. म्हणाली, माणूस तहानलेला राहील. आईनं तिला हो म्हटलं, फक्त कोणाला दिसू देऊ नको म्हणाली.

काकांनी काकूला शिरपूरला पाठवलं ते ह्यासाठी. ती उद्या काय बोलून बसेल, सांगता येत नाही. बंदूक काढली होती ती नाल्याच्या डोहात टाकायला. तू येशील, बघशील, पुन्हा ती गोष्ट नातवाला सांगशील, हे त्यांना आता सहन होत नाही म्हणाले. मी त्यांना खुनी समजत त्यांच्या हातचं पाणी पीत नव्हते. सुकदेव आबांना सगळं माहीत आहे. त्यांनी बार ऐकला होता. आणि पन्नास वर्षं तोंड उघडलं नाही, कारण तुला बघायचे शाळेत जाताना.

मला आप्पा दोन आठवडे मिळाले, भाऊ. पळपुटा नव्हता तो. खोडकर होता, भावाला चिडवायला जात होता. एवढ्याशा दिवसांत मला त्याचं केवढं वेड लागलं. त्याची हाडं वर आणावी, तापीवर न्यावी, नाव घेऊन रडावं, असं फार वाटतं. आणि शनिवारी तू येणार. फरशी उचलशील. छातीच्या हाडात छर्रे सापडतील. तू हुशार आहेस, ऑफिसात आयुष्यभर फायलीच वाचल्यास. तू काकांकडे बघशील, आणि मग बंदूक, माळा, तो दिवस, सगळं तुझं तुलाच कळेल. त्यानंतर तू जगशील का, मला माहीत नाही. जगलास तरी कसा?

फोन केला तर माझ्या आवाजावरून तुला कळेल. लहानपणापासून कळतं. म्हणून पत्रच.

काका विचारत होते, काय करशील. मी म्हटलं, मशीन उद्याच बोलवा.


हिवरखेडी
१४ मे

प्रिय भाऊ,

तुझं पत्र मिळालं. सही मागे घेऊ नकोस, आणि शनिवारी येण्याचीही गरज नाही. मी तोंडघशी पडले, आता तू हसून घे.

काकूला शिरपूरला फोन लावून नीट विचारलं. झालं असं होतं की आप्पा इथून गेले ते त्या बाईकडेच. तिथे पंधरा दिवसांत तापानं गेले. निरोप काकांना मिळाला, म्हणून त्या अखाजीला काकूनं गुपचूप घागर भरली. आईला कळलं तर ती खचेल, लहान पोरं पदरात, म्हणून काकांनी श्रावणात ते जिवंत असल्याची थाप मारली. आईचं कुंकू राहू दिलं, एवढीच त्यांची चूक. मी म्हातारीच्या बोलण्यावरून कुठल्या कुठे गेले. पोलिसांतला अर्ज फाडला.

विहीर बुजवली ती साप निघायचे म्हणून. सुकदेव आबाही तेच म्हणाले. आज सकाळी मशीन आलं आणि दुपारपर्यंत काम झालंही. मी स्वतः उभी होते. वरून दाबून घेतलं, आता सपाट जमीन आहे, बघण्यासारखं काही नाही.

काकांना तेवढा एक फोन कर. मी त्यांना फार बोलले आहे, त्यांना तुझा आवाज ऐकून बरं वाटेल. आणि आईला हिरवं लुगडं नेसवलंस ते योग्यच केलंस. मी उगाच भांडले.

बाकी आप्पांचं म्हणशील तर मी लहानपणापासून जे म्हणत आले तेच खरं निघालं. त्या माणसाला आपली काही पडलेली नव्हती, भाऊ. आपल्याला टाकून तो निघून गेला, मागे वळूनही पाहिलं नाही. त्याच्यासाठी आता तू रडू नकोस.

तुझी
दिपा